कोंड्यात घेतलेली पोर

“त्यो काटा भाईरच ऱ्हाऊ दे. आन् तू बी,” असं म्हणून ठकूआजीनं दाराच्या चौकटीला काठी आडवी लावली.

शालन पायरीवर उभी होती आणि मी तिच्या मागे, खांद्याला तिची वजनकाट्याची पिशवी लावून. चढ चढून माझा जीव मेटाकुटीला आला होता. गावातून ओढ्यापर्यंत माझी फटफटी यायची, पुढे धनगरवाड्यापर्यंत नुसती पायवाट. एवढं चढून आल्यावर निदान ताकाचं भांडं तरी हातात पडावं अशी माझी माफक अपेक्षा होती. इथे तर दारालाच काठी.

शालन माझी बायको. आमच्या गावची आणि वरच्या वाड्यावस्त्यांची आशाताई. बाळंतीण घरी आली की ठरलेल्या दिवशी तिच्याकडे जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, अंगावर नीट पितंय का ते बघायचं, आणि काही बिघडलं तर दवाखान्याची वाट दाखवायची, हे तिचं काम. माझी गावात भाताची गिरणी. दुपारची वीज गेली की मी मोकळा, म्हणून तिला पोचवायचं माझ्याकडे आलेलं. गावातली टोळकी मला ‘आशाताईंचा डायवर’ म्हणत. म्हणोत बापडे. त्यांच्याच बायका वेणेत असताना माझी शालन त्यांना जीपमध्ये घालून न्यायची, हे ते सोयीनं विसरायचे.

“आजी, मी काय खाती व्हय तुमच्या नातीला?” शालन हसत म्हणाली. “झोळीत घालती, आकडा बघती, परत देती.”

“जोखायला ती काय बाजारातली मिरची हाय? जोखलं की नजर बसती. तीन गेली माझी. तिसऱ्याला तुज्या आदल्या नर्सबाईनं हितंच, ह्याच दारात टांगलंवतं. आठवडा न्हाई निघाला.”

शालननं काठीवरून आत डोकावून बघितलं. आतल्या अंधारात चुलीचा धूर भरला होता आणि त्या धुरात भिंतीला टेकून सगुणा बसली होती. ठकूआजीची सून. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं. तिनं एकदा आमच्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

उतरताना शालन माझ्यापुढे भराभर चालत होती. ओढ्याशी आल्यावर तोंडावर पाणी मारून म्हणाली, “दवाखान्यातच वजनाला हलकी होती हो पोर. तिथनं निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. आता मला बघूच देत नाहीत. ती पोर जाणार. ही चौथी पण जाणार.”

सगुणाचं घराबाहेर झालेलं हे पहिलंच बाळंतपण. ते करवून घ्यायला शालननं चार महिने तो चढ तुडवला होता. तिला त्या बाळाचा ध्यास लागला होता म्हटलं तरी चालेल. घरात भाकरी करपायची, आमची दोन्ही पोरं ‘आई, भाजीत मीठ नाही’ म्हणून ओरडायची आणि ही चुलीसमोर बसून धनगरवाड्याचा विचार करायची.

ती पुन्हा गेली. पुन्हा काठी आडवी. तिसऱ्यांदा जायच्या आतच सगुणाचा नवरा, धुळू झोरे, माझ्या गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. उंचापुरा गडी, पण बोलायचा असा की समोरच्यानं कान पुढे करावा. दुधाच्या किटल्या डेअरीत रिकाम्या करून आला होता.

“दाजी, आईनं ताईला बलीवलंय.”

“काटा घेऊन की काट्याशिवाय?”

“काटा घेऊन या म्हनली.” मग जरा घुटमळून म्हणाला, “आन् येताना सूपभर कोंडा आना.”

“म्हशीला?”

“न्हाई. पोर घ्याया.”

मला कळायला वेळ लागला. आमच्याकडे जुनी रीत आहे. ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथं नवं मूल आपलं ठेवायचंच नाही. ज्या बाईची पोरं धडधाकट आहेत तिला ते विकून टाकायचं, तेही केरकचऱ्याच्या मोलानं, कोंड्याच्या नाहीतर भुशाच्या. मग मरण आलं तर त्याला त्या घरात त्यांचं मूल सापडतच नाही. जे सापडतं ते दुसऱ्याचं, आणि तेही कवडीमोलाचं. आमच्या गल्लीतले केरबा मास्तर असेच वाचले होते म्हणे. त्यांच्या नावातला केर तिथून आलेला.

शालन ऐकून चक्रावली. “आम्हाला शिकवणीत सांगतात, असलं काही मानू नका, लोकांना मानू देऊ नका. आणि मीच जाऊन पोर विकत घेऊ?”

“घे की! कोंड्यात पोर मिळतीय. वरती माप मी जास्त घालतो,” मी म्हणालो.

“तुम्हाला सगळ्याचंच हसू.” पण तिचा चेहरा विचारात पडला होता. थोड्या वेळानं उठून तिनं सूप काढलं. “काटा आत जाणार असेल तर कोंडा द्यायला माझं काय जातं?”

मी गिरणीतला ताजा कोंडा चाळून दिला. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट बायकोच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

धनगरवाड्यावर त्या दिवशी धुकं उतरलं होतं. ठकूआजीनं गोठ्याच्या कडेच्या उकिरड्यावर सूप ठेवलं होतं आणि सुपात ती पोर. एवढीशी. हातपाय काड्यांसारखे, पण डोळे टक्क उघडे. सगुणा दारात उभी होती, दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून.

“ही कुनाची पोर पडलीया उकिरड्यावर?” ठकूआजीनं खणखणीत आवाजात विचारलं.

शालननं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

“माझी,” ती म्हणाली.

“कुनाची?”

“माझी.”

“कुनाची?”

“माझी, आजी! कोंडा देऊन घेतली.” आणि शालननं पोरीला उचललं. उचलल्याबरोबर तिनं पोरीला पदराखाली घेतलं, ते मी बघितलं. दोन पोरांची आई ती, शेकडो बाळं हाताळलेली. पण ‘माझी’ असं तीनदा म्हणून मूल उचलणं ही गोष्ट वेगळी असावी.

म्हातारीनं कोंडा पदरात घेतला. पोरीचं नाव ठेवलं केरा. मग शालननं, सांगितल्याप्रमाणे, पोर सगुणाच्या ओटीत घातली आणि म्हणाली, “सांभाळ बाई माझी पोर.”

“आता आयका समदी,” ठकूआजी म्हणाली. “ही पोर हिची. आमी राखनदार. हिचे दुदाचे दात पडस्तवर कुनी आपली म्हनायची न्हाई. हिचं काय दुकलं-खुपलं तर धनिनीच्या कानावर घालायचं, दुसऱ्या कुनाला सांगायचं न्हाई.” मग ती सुनेकडे वळली आणि तिचा आवाज एकदम कडक झाला. “आन् तू. तोंडातनं शब्द काडू नको. तिन्ही येळला माजं माजं करून छातीशी धरलंस. काय झालं?”

सगुणानं मान डोलावली. मला म्हातारीचा राग आला. पण तीन नातवंडं मातीत घातलेल्या बाईशी मी काय वाद घालणार होतो?

त्यानंतर मात्र त्या घराची कळाच बदलली. काठी गेली. शालन दिसली की ठकूआजी स्वतः हाक मारायची, “धनीन आली गं! पानी ठेव हात धुवाया.” काटा आढ्याला टांगला जायचा आणि म्हातारी पाठ फिरवून उभी राहायची, एवढीच काय ती सवलत. शालनची पोर, मग शालनचा हुकूम. घुटी बंद. चूल पडवीत हलवली. सगुणानं पोरीला उघड्या छातीशी धरून वरून घोंगडं घ्यायचं, तासन् तास. आधी ज्या गोष्टींसाठी शालन घसा कोरडा करायची, त्या आता ती एका शब्दात करवून घेत होती. 

केरा भरत चालली. गालांवर गोलाई आली. मांड्यांना वळ्या पडायला लागल्या. सरकारी भेटींचे दिवस संपले तरी शालन जात राहिली. आमच्या थोरल्याच्या जुन्या सदऱ्याची झबली तिनं शिवली, आणि मी म्हणालो, “तिसरं लेकरू मला न विचारता केलंस ते केलंस, निदान कापडासाठी तरी विचारायचं.” ती हसली. त्या दोन महिन्यांत ती फार हसायची.

मला आठवतो तो एक प्रसंग. आम्ही पडवीत ताक पीत होतो. केरा सगुणाच्या मांडीवर हातपाय झाडत होती आणि आईकडे बघून पहिल्यांदाच खुदकन हसली. सगुणा भान विसरली. “अगं माजी...” एवढं तिच्या तोंडून गेलं आणि तिनं जीभ दातांखाली दाबली. इकडेतिकडे बघितलं. म्हातारी गोठ्यात होती. मग ती घाईघाईनं शालनला म्हणाली, “ताई, तुमची पोर हासली बगा.”

“माझी कसली, तुझीच की गं,” शालन हळूच म्हणाली.

“नगा, ताई.” सगुणा पांढरी पडली. “असं म्हनू नगा. तुमचीच हाय ती.”

मला वाटतं त्या दिवशी शालनला पहिल्यांदा त्या सौद्याचं ओझं जाणवलं. पण ती तरी काय करणार? पोर जगत होती.

मग श्रावणात केराला सर्दी झाली. आम्ही पोचलो तर ठकूआजी घोंगडं पांघरून निघायच्या तयारीत, पलीकडच्या वाडीतल्या भगताकडे पोरीला घेऊन. अंगारा लावून आणते म्हणाली. शालनचा पारा चढला. एरवी ती म्हाताऱ्या माणसांशी कधी आवाज चढवून बोलत नसे.

“आजी, पोर कुणाची?”

“तुजी.”

“मग मला इचारल्याबिगार तिला कुठं नेताय? ह्या भगताकडं न्हाई, त्या भगताकडं न्हाई. कुठंच न्हाई. मला इचारल्याबिगार पोरीनं हा उंबरा ओलांडायचा न्हाई. कळलं?”

“बरं बाई,” म्हातारी म्हणाली आणि निमूटपणे घोंगडं उतरवलं.

शालननं सगुणाला आणि धुळूला समोर बसवून पुन्हा सगळं सांगितलं. श्वास भराभर चालला, पोट आत ओढलं जायला लागलं, दूध सोडलं, अंग गार पडलं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. “लगेच मला कळवायचं. काय करायचं?”

“लगीच तुमास्नी कळवायचं,” दोघं शाळेतल्या पोरांसारखी एका सुरात म्हणाली.

सर्दी दोन-तीन दिवसांत गेली. उतरताना मी शालनला म्हणालो, “तहसीलदाराचं कुणी एवढं ऐकत नाही, जेवढं हे तुझं ऐकतात.” खरंच सांगतो, मला तिचा अभिमान वाटला होता.

पुढच्याच आठवड्यात गिरणीचा पट्टा घसरला आणि तो बसवताना माझा उजवा हात आत ओढला गेला. ते सगळं वर्णन करत नाही. दोन बोटं गेली आणि उरलेली राहतील की नाही अशी परिस्थिती होती. शालननं घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारच्या शेवंताकाकूंकडे टाकली, पोरांना त्यांच्या मामाकडे पाठवलं आणि मला घेऊन कोल्हापूर गाठलं. हात शिवला, मग ताप भरला, मग पुन्हा टाके उसवून साफ केला. त्या दिवसांत मला माझं नाव धड आठवत नव्हतं. शालन खाटेशेजारी जमिनीवर झोपायची.

ताप उतरल्यावर मी पहिल्यांदा शुद्धीत बघितलं तेव्हा ती खिडकीशी उभी राहून मोबाइलवर बोलत होती. तेव्हा गावात मोबाइल आले होते, धनगरवाड्यावर नव्हते.

“काकू, वरचं कोण आलं होतं काय?” ती विचारत होती. मग ऐकून घेऊन म्हणाली, “धुळू? काय म्हणाला? ... एवढंच? ... दूध घालायला आला असेल, तसाच डोकावला असेल. बरं, बरं. आम्ही येतोच दोन दिवसांत.”

फोन ठेवून ती माझ्याजवळ बसली. “धुळू येऊन गेला म्हणे. ताई कधी येणार, एवढंच विचारलं. काही झालं असतं तर सांगितलं असतं की काकूंना. नाही का?”

“सांगितलं असतं,” मी म्हणालो. मलाही तसंच वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

डॉक्टरांनी सोडलं त्या दिवशी आम्ही दुपारच्या एसटीनं गावात उतरलो. शेवंताकाकू दारातच होत्या. किल्ली देताना म्हणाल्या, “अगं, तुझा तो धनगर आज सकाळी परत आलता. रोजच येतोय म्हण ना. येतो, कुलूप बघतो, तुमच्या पायरीवर बसतो, आणि दिवस कलला की जातो. कालपर्यंत तरी बसायचा. आज नुसतं कुलूप बघितलं आणि गेला.”

“काही बोलला?”

“आधी विचारायचा, ताई आल्या का. मी म्हणायची, येतील उद्या-परवा. काय काम होतं, विचारलं तर मान हलवायचा. चहा दिला तर तोही घेतला नाही. आज तर तेही विचारलं नाही.”

शालननं हातातली किल्ली तशीच टाकली. पिशवी पायरीवर टाकली आणि चालायला लागली. मी गळ्यात हात अडकवून तिच्या मागे. फटफटी मला चालवता येणार नव्हती आणि तिला येत नव्हती, म्हणून गावापासूनच पायी. ओढा तिनं चपला न काढता ओलांडला. चढावर मी दोनदा बसलो. ती एकदाही थांबली नाही, वळून बघितलं नाही. वर धुकं होतं आणि धुक्यात म्हशी ओरडत होत्या. त्यांच्या धारा राहिल्या होत्या हे मला उशिरा कळलं.

मी पोचलो तेव्हा धुळू पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. शालन अंगणाच्या मधोमध उभी. ठकूआजी दारात.

“आलीस व्हय बाई,” म्हातारी म्हणाली. “लई वाट बगितली तुजी.”

केरा पडवीत होती. त्याच सुपात. शालननं शिवलेलं झबलं अंगात, वर धुतलेलं फडकं. पहाटे गेली होती. तिला मातीही दिली नव्हती अजून.

शालन सुपाशी बसली. तिनं पोरीच्या गालाला हात लावला, मग कपाळाला, मग तळपायांना, जणू ती रोजची तपासणीच करत होती. मग धुळूकडे बघून अगदी शांत आवाजात विचारलं, “कधी?”

“आटवडा झाला आसंल. दूद सोडलं. मग प्वाट उडाया लागलं, तुमी दावलंवतं तसं.” धुळू जमिनीकडे बघत बोलत होता. “लगीच आलो, ताई. तवाच आलो. कुलूप हुतं.”

“मग दवाखान्यात का न्हाई नेलं रे?” शालनचा आवाज फाटला. “खाली एवढा दवाखाना आहे! जीप हाय, गाव हाय, काकू हाईत! कुणाला तरी सांगायचं होतंस की!”

धुळूनं वर बघितलं. त्याला तिचा प्रश्नच कळला नव्हता.

“तुमची पोर, ताई. तुमास्नी न इचारता कशी न्यायाची? उंबरा वलांडायचा न्हाई म्हनलावतासा. आन् काकूला कसं सांगायचं? दुसऱ्याच्या कानावर घालायचं नव्हतं.”

“भगताकडं सुदीक न्हेली न्हाई,” ठकूआजी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शब्द पाळल्याची ग्वाही होती. “लई वाटत हुतं न्यावं. शेजारची म्हनली, ने. म्या म्हनलं, न्हाई. धनिनीचा शब्द हाय. घुटीचं बोट बी लावलं न्हाई तिला.”

मी आजवर माणसं मेलेली बघितली आहेत, पण जिवंत माणसातून जीव जाताना तेव्हाच बघितला. शालननं दोन्ही हात जमिनीला टेकले आणि तशीच बसून राहिली. ‘पोर तुजी’ हा जो हक्क हातात आला म्हणून आम्ही दोघं खूश होतो, त्यानंच हे केलं होतं. आणि तिथे कुणी तिला दोष देत नव्हतं. दिला असता तर बरं झालं असतं.

“उट बाई,” ठकूआजी म्हणाली. “तुज्याबिगार माती कशी देनार? म्हनून ठेवलीया.”

धुळूनं उंबराच्या झाडाखाली खड्डा आधीच करून ठेवला होता. त्याच्या शेजारी आधीच्या तिघांवर ठेवलेले दगड. केराला शालननंच उचललं, जसं उकिरड्यावरून उचललं होतं, आणि शालननंच खाली ठेवलं. पहिली माती तिच्याच हातची. मला एका हातानं दगडही उचलता येईना, म्हणून मी नुसता उभा राहिलो.

सगुणा आली नव्हती. राखणदाराचं तिथे काय काम, असं म्हातारी म्हणाली. ती आतच बसून होती, पहिल्या दिवशी बसली होती त्याच जागी, भिंतीला टेकून. निघताना मी आत डोकावलो. मांडी रिकामी. डोळे कोरडे ठाक. चोळीचा पुढचा भाग दुधानं भिजून अंगाला चिकटला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. शेजारणी आल्या होत्या, पण कुणी तिच्या गळ्यात पडून रडत नव्हतं. रडायचं ते शालनसाठी, म्हणून सगळ्या शालनलाच धरून रडत होत्या. धाकटी एक बाई तर शालनची समजूत घालत होती, “ताई, देवानं तुमची दोन ठेवलीत न्हवं?”

शालननं नंतर काम सोडलं नाही. सोडेल असं मला वाटलं होतं. आज तिचे केस पिकलेत, तरी ती चढ चढते. फक्त कुठल्याही घरात गेली की सगळ्यांत आधी एकच सांगते, “माझी वाट बघायची नाही. मला कळवायचं नाही. न्यायचं.” लोकांना वाटतं आशाताई जरा तुसडी आहे. पण एवढ्यानं काही भरून येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

त्या दिवसाचं एवढंच सांगायचं राहिलं. आम्ही उतरायला लागलो. अंधारून आलं होतं. ओढ्याच्या अलीकडे शालन मध्येच थांबली, म्हणून मीही थांबलो. वरून कुणीतरी धावत येत होतं. सगुणा होती. अनवाणी, पदर खांद्यावरून सुटलेला. ती आमच्यापुढे येऊन उभी राहिली आणि वाकून शालनच्या पायांना हात लावू लागली.

“ताई, तुमचं लेकरू मला सांबाळता आलं न्हाई,” ती म्हणाली. “माफ करा.”

शालननं तिला दंडाला धरून वर उचललं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. सगुणानं एकदा मागे, वाड्याच्या दिशेनं बघितलं, कुणी आलं नाही ना म्हणून. मग अगदी खालच्या आवाजात, भीत भीत, तिनं विचारलं,

“ताई, आता गेली न्हवं ती? मग आता... आता मी तिला माजी म्हनू काय?”

शालननं होकारार्थी मान हलवली.

सगुणाचे ओठ एक-दोनदा नुसतेच हलले. तो शब्द म्हणायची तिची सवयच गेली होती. मग ती तिथेच वाटेत खाली बसली, रिकाम्या ओटीला दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि म्हणाली, “माजी.” पुन्हा म्हणाली. आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो आम्ही ओढा ओलांडून गावात येईपर्यंत मागून येत होता.